वीस लिटर गार चहा

आमच्या घरी ‘चहा गार झाला’ हे वाक्य कायम तक्रारीच्या सुरात बोललं जायचं. ज्याच्यामुळे तो गार झाला त्याच्याकडे सगळे बघायचे आणि आई पुटपुटत पातेलं परत चुलीवर चढवायची. वसईत आमच्या आळीत पाहुण्याला गार चहा देणं म्हणजे त्याला न बोलता ‘निघा आता’ सांगण्यासारखं होतं. अशा घरात वाढलेल्या मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मुद्दाम गार केलेला चहा शिकावा लागला, आणि तोही एका अमेरिकन म्हातारीकडून, अमिरातीतल्या खोर फक्कानमध्ये.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कळणारच आहे. चहाच्या बाबतीत तर माझ्याशी कुणी वाद घालू नये असं माझी बायको नव्या माणसाला दारातच सांगते. दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलात बावीस वर्षं मी चहा-कॉफी सांभाळली. कॉन्फरन्सला हजार माणसं असली तरी हजाराव्या माणसाला पहिल्या माणसासारखाच चहा मिळायचा. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण चहाचा वास घेऊन पाणी किती वेळ उकळलंय ते सांगू शकतो. मग एका मे महिन्यात हॉटेल दुरुस्तीसाठी बंद झालं. उघडेल तेव्हा कुणाला परत घ्यायचं याची एक यादी निघाली आणि तिच्यात मी नव्हतो. मॅनेजर पोरसवदा होता. त्याने माझा हात हातात घेऊन माझं फार कौतुक केलं. एवढं कौतुक बावीस वर्षांत एकदा केलं असतं तरी चाललं असतं.

इथे नोकरी गेली की मागोमाग व्हिसाही जातो; मधे मिळते ती थोड्या दिवसांची मुदत. आमच्या घरात माझा व्हिसा नोकरीवर आणि बायको-मुलगी माझ्या व्हिसावर. मुलगी नुकतीच बारावीत गेली होती. मुदतीच्या आत दुसरी नोकरी मिळाली नाही तर शारजातलं घर आवरून तिघांनी वसई गाठायची, आणि तिने वर्षाच्या मधेच तिकडे कुठल्या कॉलेजात, कुठल्या बोर्डात शिरायचं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. आधी टेबलावर पसरलेली असायची ती पुस्तकं घेऊन ती आतल्या खोलीत बसायला लागली, दार लावून. ती ओरडली असती तर मी उलटा ओरडलो असतो. त्या बंद दाराशी मात्र मला बोलता येईना.

चर्चमधल्या एका ओळखीच्या माणसाने मला खोर फक्कानची जागा सांगितली. तिथे समुद्राला लागून एक तरुण लोकल, म्हणजे इथलाच अरब माणूस अमेरिकन जेवणाचं छोटं हॉटेल काढत होता. तो अमेरिकेच्या दक्षिण भागात चार वर्षं शिकलेला. एका बाईच्या घरी खोली घेऊन राहायचा आणि त्या बाईच्या हातचं तळलेलं चिकन आणि गोड गार चहा त्याच्या जिभेवर बसला तो बसलाच. म्हणून त्याने त्या बाईलाच तीन आठवड्यांसाठी विमानाचं तिकीट पाठवून बोलावून घेतलं होतं, स्वयंपाकघराला शिकवायला. तो तिला मामा म्हणायचा, म्हणजे इंग्रजीतली आई, आपला मामा नव्हे.

“देखो,” पहिल्याच दिवशी तो मला त्याच्या हिंदीत म्हणाला, “मामा बोलेगा तो काम पक्का. मामा नहीं बोलेगा, तो खलास. इन्शाल्ला बोलेगा.”

खोर फक्कान शारजाच्याच हद्दीत, आणि शारजात दारू नाही, तेव्हा ग्लासात काय भरायचं हा हॉटेलवाल्याचा मोठा प्रश्न असतो. त्याचं उत्तर हा चहा होतं, आणि मी आलो होतो फक्त त्या चहासाठी. मनात म्हटलं, यात काय शिकायचंय? आइस्ड टी मी हजारो ग्लास दिलेत. पावडर, पाणी, बर्फ आणि वर लिंबाची चकती.

मामा सत्तरीच्या पुढची होती. अंगाने भरलेली, पांढरे केस आखूड कापलेले, पायात पुरुषी बूट. इंग्रजी असं ताणून ताणून बोलायची की तिचं एक वाक्य संपेपर्यंत माझी दोन पातेली विसळून व्हायची. मला ती ‘हनी’ म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे का. मग लक्षात आलं, ती चिकनवाल्या आचाऱ्यालाही हनी म्हणते, गॅसवाल्यालाही आणि आमच्या साहेबालाही. तरी मी हे बायकोला बरेच दिवस सांगितलं नाही.

पहिला आठवडा तिचा सगळा चिकनमध्ये गेला. मी आपला भांडी लावत, बर्फाचं मशीन घासत वाट बघत होतो. राहायला हॉटेलच्या वरच खोल्या होत्या, एक मामाला, एक मला. शेवटी गुरुवारी, मी सुट्टीसाठी शारजाला निघालो तेव्हा तिने मला हाक मारली आणि दोन लिटरची एक बाटली हातात दिली. बर्फाच्या पिशवीत ठेवलेली, वर टॉवेल गुंडाळलेला.

“हा मी केलेला आहे,” ती म्हणाली. “घरी शांतपणे पी. मी नि तुझा साहेब दोन दिवस दुबईला सामान घ्यायला जातोय. रविवारी तू तुझा करून ठेव. संध्याकाळी येऊन मी चव बघते.”

मी कृती विचारली, तर म्हणाली, जीभ असलेल्या माणसाला कागद कशाला लागतो?

बसमध्ये ती बाटली मी मांडीवर घेऊन बसलो. डोंगरातले बोगदे मागे पडले, वाळवंट आलं, मग शारजाच्या तोंडाशी गाड्यांची रांग. बाहेर जीव नकोसा करणारी हवा, बाटलीचा थंडपणा पँटमधून लागत होता, पण मी झाकण उघडलं नाही. ठरवलं होतं, घरी जायचं, अंघोळ करायची आणि मग डोकं शांत ठेवून एकेक घोट तपासायचा. घरी पोचलो, बर्फाचं पाणी झालेली पिशवी टाकून दिली, बाटली ओट्यावर ठेवली आणि न्हाणीघरात शिरलो.

बाहेर आलो तर आल्याचा वास सुटलेला. बायको हसतमुखाने तीन कप भरत होती.

“तुमच्या त्या बाईने चहा दिलाय वाटतं,” ती म्हणाली. “रस्त्यात पार गार झाला होता हो. आणि बिचारी दूध घालायला विसरलीच. मी घातलं, वर थोडं आलं ठेचून टाकलं. बघा आता कसा झालाय.”

मी बाटलीकडे पाहिलं. ती धुऊन, ओट्यावर पालथी घातलेली होती. एक थेंब शिल्लक नव्हता.

त्यानंतर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. आवाज ऐकून मुलगी आतून आली, कपात डोकावली आणि म्हणाली, “ओ माय गॉड, मम्मी! इट वॉज आइस्ड टी!” बायको आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिचा चेहरा पडला. “परक्या माणसाने दिलेला चहा तुम्हाला गार कसा देऊ?” एवढंच म्हणाली. तिच्या जागी माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं, आणि मीही. आम्ही तिघांनी तो चहा प्यायला. खरं सांगायचं तर तो चांगला झाला होता. पण त्यातून त्या बाईचा चहा मला शोधून काढता येईना. खूप गोड होता, एवढंच कळलं.

रविवारी परत आलो आणि अंदाजपंचे कामाला लागलो. चहा म्हटला की माझा हात आपोआप एकाच रस्त्याने जातो. पाणी उकळलं, पत्ती टाकली, खळखळ उकळू दिलं. कडक व्हायला हवा ना, पुढे बर्फ पडणार. गाळला, गार केला, मग साखर घातली. ती विरघळेना. ढवळून ढवळून दंड भरून आले तरी तळाशी रवा बसावा तशी बसून राहिली. चव घेतली तर जीभ आक्रसली. ते झाकायला लिंबाच्या चकत्या टाकल्या, पुदिना टाकला, हॉटेलात टाकायचो तसा. दिसायला झकास दिसत होता.

संध्याकाळी मामा आली. पायातले बूट न काढताच तिने ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला. शेवटी गिळला, तोही माझ्याकडे बघून, उपकार केल्यासारखा.

“हनी,” ती म्हणाली, “चहाने तुझं काय वाईट केलंय?”

मी उरलेल्या लिंबाच्या चकत्या गोळा करायला लागलो.

“तू माझा चहा प्यायलाच नाहीस,” ती पुढे म्हणाली. हे ती विचारत नव्हती, सांगत होती.

खोटं बोलायचं सगळं तयार होतं माझ्याकडे. बाटली फुटली, बसमध्ये सांडली. पण ती अशी निवांत बघत होती की माझ्या तोंडून सगळं खरंच बाहेर पडलं. अंघोळ, दूध, आलं, पालथी घातलेली बाटली. मला वाटलं संपलं, आता ही साहेबाला सांगणार आणि उद्या सकाळच्या बसने मी परत. मग तिचे खांदे हलायला लागले. मग ती टेबलाला धरून हसली, इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“दूध घालायला विसरली बिचारी!” ती म्हणाली आणि परत हसायला लागली. “तुझी बायको चांगली बाई आहे. चल, आता नीट करू.”

तेव्हा तिने मला शिकवलं. पाणी उकळलं की गॅस बंद. मग पत्ती टाकायची, झाकण ठेवायचं आणि हात लावायचा नाही. पत्तीबरोबर चिमूटभर खाण्याचा सोडा. मी डोळे मोठे केले. माझी आई हरभरे शिजवताना घालायची तो सोडा, चहात? तिने खांदे उडवले. कडूपणा जातो, म्हणाली, आणि रंग उजळतो. पंधरा मिनिटांनी गाळायचा आणि गरम आहे तोवरच साखर घालायची, म्हणजे ती चहाचीच होऊन जाते. साखर किती, ते बघून मात्र मी हादरलो. मग त्यात साधं पाणी ओतायचं आणि तो ओट्यावर आपल्या आपण निवू द्यायचा. घाई करून फ्रिजमध्ये ढकलायचा नाही. गरम चहाला एकदम थंडीत घातलं की तो रुसतो आणि गढूळ होतो. हे शेवटचं तिने मला तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दोन मोठे ग्लास बर्फाने काठोकाठ भरले, वर तो चहा ओतला आणि मला मागच्या दारी बोलावलं. तिथे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. समोर बंदराच्या क्रेन, रंगीत डब्यांच्या उतरंडी, मागे बोडके डोंगर. जूनची दमट हवा अशी की पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. मी सकाळपासून उभा होतो. घोट घेतला.

आधी नुसता गोडवा आला. मग त्याच्या मागून चहा आला. उकळलेला, दमदाटी करणारा नाही. बागेतल्या पानासारखा स्वच्छ चहा, जो मी इतकी वर्षं रोज हाताळला आणि कधी चाखलाच नव्हता. कडूपणाचं नाव नाही. गारवा गळ्यातून छातीत आणि तिथून खाली उतरताना कळत होता. मी ग्लास अर्धा केला तेव्हा थांबलो.

आणि मला राग आला. खरंच आला. बावीस वर्षं मी माणसांना पावडरीचं रंगीत पाणी आइस्ड टी म्हणून दिलं आणि मान ताठ ठेवून फिरलो! मी तसं बोलूनही दाखवलं. मामा म्हणाली, “राग नंतर कर. बर्फ वितळतोय.”

मग आम्ही बोलत बसलो. तिचं निम्मं मला कळलं, माझं निम्मं तिला. तिच्या गावात कुणी मेलं, कुणी जन्मलं, कुणी छप्पर दुरुस्त करायला आलं, तरी पहिला हा ग्लास पुढे होतो. घेणार का म्हणून विचारत नाहीत. विचारलं तर माणूस नको म्हणतो. मी म्हटलं, मॅडम, हे तर आमचंच आहे, फक्त आमचा कप भाजतो. ती म्हणाली, आमच्याकडचा उन्हाळा बघितलास तर तूही गारच देशील. मी हाताने भोवतालची हवा दाखवली आणि आम्ही दोघं हसलो. नोकरी गेल्यापासून मी पहिल्यांदा पोटातून हसलो, तेही मला नंतर आठवलं.

पुढच्या गुरुवारी मी केलेला चहा थर्मासमध्ये भरून घरी नेला आणि आधी हात धरून बायकोला सांगितलं, गॅसजवळ जायचं नाही. तिने नाक मुरडत घोट घेतला. मग फ्रिजजवळ उभ्यानेच दोन ग्लास संपवले. मुलगी म्हणाली, “पपा, दिस इज लिटरली शुगर वॉटर,” आणि स्वतःचा ग्लास घेऊन आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने दार उघडलं. रिकामा ग्लास धरलेला एक हात बाहेर आला. मी तो भरला. तिने दार पूर्ण लावून घेतलं नाही, आणि मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

मामाचा जायचा दिवस जवळ आला. त्याच्या आदल्या दिवशी साहेबाच्या घरची तीसेक माणसं चव बघायला येणार होती. आई, मावश्या, भाऊ, भावजया. दुपारी चारला. चिकन आचारी करणार, चहा मी.

“वीस लिटर,” मामा म्हणाली. “एकटा कर. मी बोट लावणार नाही.” त्यामागचं तिने सांगितलं नाही, पण मला कळत होतं. या चहावर ती हो किंवा नाही म्हणणार होती. आमची मुदत संपायला जेमतेम अकरा दिवस उरले होते आणि दुसरीकडून कुठूनच बोलावणं नव्हतं.

त्या सकाळी मी देवाचं नाव घेऊन गॅस पेटवला. सगळं तिने सांगितलं तसं केलं. पत्ती, सोडा, झाकण, साखर, पाणी. साडेअकरा झाले होते. स्टीलच्या मोठ्या डब्यात भरला, बाहेरून हात लावून बघितला, तर चांगलाच कोमट. आणि तिथे माझ्या मनात भीती शिरली. चारपर्यंत हा गार झाला नाही तर? साहेबाची आई पहिला घोट घेणार आणि तो कोमट लागला तर? ओट्यावर निवत ठेवायला सांगितलं होतं हे मला माहीत होतं. तीनदा ऐकलं होतं. तरी मी डबा उचलला आणि सरळ फ्रिजमध्ये घातला.

दोन वाजायला आले तेव्हा दार उघडून एक ग्लास काढला आणि उजेडात धरला. कपाळाला हात लावला. चहा गढूळ झाला होता, भांडी धुतलेल्या पाण्याच्या रंगाचा. चव घेतली, तर चव होती तशीच, गोड, छान. दोष दिसण्यातच होता.

मी तिथे उभा राहून विचार केला. येणाऱ्यांपैकी कुणीही हा चहा जन्मात पाहिलेला नाही. असाच असतो म्हटलं तर असाच असतो. बर्फ घातला, लिंबू घातलं तर कुणाला कळतंय? मामा वर झोपलेली. आणि नवीन करायला घेतला तर चारपर्यंत तो गार होईलच याची खात्री नाही. नाही झाला तर ग्लासात घालायला काहीच नाही, आणि मग नक्कीच खलास. शहाण्या माणसाने तोच चहा दिला असता. मला बारावीची मुलगी आहे, मी शहाणं असायला हवं होतं.

पण तो डबा माझ्याने बघवेना. अंगाचा नुसता तिळपापड झाला. स्वतःला चार शिव्या घातल्या, वसईतल्या, ज्या इथे कुणाला कळत नाहीत. डबा मागच्या दारी ओढत नेला आणि वीसच्या वीस लिटर गटारात ओतले. साखरेच्या वासाने लगेच मुंग्यांसारख्या माश्या जमल्या. डबा सरळ करून वळलो तर दारात मामा उभी, चष्मा डोक्यावर चढवलेला.

“चव बिघडली?” तिने विचारलं.

“नाही मॅडम. चव ठीक होती.”

“मग?”

“बघवत नव्हता.”

तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आत निघून गेली. मला वाटलं, झालं, हिला कळलं की तीनदा सांगूनही मी ऐकलं नाही. आता जे व्हायचं ते होवो, पण चहा नीट होऊ दे. परत पाणी ठेवलं. घाईत साखर दोनदा सांडली. थोड्या वेळाने मामा आली, खुर्ची ओढून कोपऱ्यात बसली. कबूल केल्याप्रमाणे तिने एक बोट लावलं नाही. मी ओट्यावर डबा ठेवला, पंखा त्याच्याकडे वळवला आणि डब्याला दर पाच मिनिटांनी हात लावत राहिलो, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा.

चार वाजता गाड्या आल्या. बाहेर बोलणं, हसणं, खुर्च्या सरकल्याचे आवाज. साहेब आत आला. “यल्ला, यल्ला! चाय किधर है?”

“सर, बीस मिनिट,” मी म्हणालो.

“मेरा मदर बैठा है!”

“सर, अभी देगा तो बर्फ पिघल जाएगा, चाय पानी हो जाएगा. बीस मिनिट.”

त्याने मामाकडे पाहिलं. मामा तिच्या पुरुषी बुटांकडे बघत होती. तो बाहेर गेला. बाहेरच्या तीस माणसांच्या पुढ्यात नुसते बर्फाचे ग्लास होते आणि मी पंख्यापुढे उभा. एवढा लांब वीस मिनिटांचा वेळ मी आयुष्यात काढलेला नाही, मुलीच्या जन्माची वेळ सोडली तर.

मग ओतला. ग्लासाच्या पलीकडच्या माणसाचा चेहरा दिसावा इतका स्वच्छ, तांबूस. पहिला ग्लास मी स्वतः साहेबाच्या आईपुढे ठेवला. छोटीशी, काळ्या पायघोळ अबायातली म्हातारी. तिने घोट घेतला, थांबली, मुलाकडे वळून अरबीत काहीतरी लांबलचक बोलली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा हसला, पण मला काय ते सांगितलं नाही. म्हातारीने ग्लास रिकामा केला आणि माझ्याकडे न बघताच पुढे धरला. मी तो भरला. मग शेजारच्या मावशीने धरला. सहा वाजेपर्यंत डब्याच्या तळाशी जेमतेम दोन ग्लास उरले.

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात ओटा पुसत होतो. कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मामा खुर्चीत बसून उरलेल्या दोनातला एक ग्लास पीत होती. साहेब आत आला, टेबलाला टेकला.

“कल फिर बीस लिटर,” तो म्हणाला. “मेरा दोस्त लोग आएगा.”

मी होय म्हणालो. एक दिवसाचं काम म्हणजे नोकरी नव्हे, हे मला कळत होतं. शेवटी धीर करून मी मामाकडे पाहिलं.

“मॅडम, तुम्ही उद्या जाणार,” मी म्हणालो. “माझं काय ठरवलंत?”

तिने साहेबाकडे पाहिलं. “तू याला सांगितलं नाहीस?”

“मामा तो दो बजे ही बोल दिया था,” साहेब मला म्हणाला. “ऊपर आके बोली, ये आदमी ने बीस लिटर फेंक दिया, किसी ने बोला भी नहीं. इसको रखो.”

दोन वाजता! आणि मी सहा वाजेपर्यंत तिच्यासमोर मरून मरून जिवंत होत होतो. मला इतका राग आला की हातातलं फडकं मी ओट्यावर आपटलं. मामाने उरलेला शेवटचा ग्लास माझ्याकडे सरकवला. विचारलं नाही, नुसता सरकवला. मी एका दमात प्यायलो.

साहेब जायला निघाला. दारात थांबून म्हणाला, “हां, और कल पासपोर्ट लेके आना. तीनों का.”

मी मान हलवली आणि उद्याच्या वीस लिटरची साखर मोजायला घेतली. एक कप, दोन कप, तीन कप. तीनवर आलो की डोळे भरून यायचे आणि मोजणं चुकायचं. मी परत पहिल्यापासून सुरू करायचो.